कान, झोप आणि जिल्ह्याचे दफ्तर

मा. जिल्हाधिकारी तथा सदस्य-सचिव, जिल्हा नियोजन समिती, अहिल्यानगर यांस,



चौंडी येथे ६ मे २०२५ रोजी भरलेल्या राज्य मंत्रिमंडळाच्या बैठकीत या जिल्ह्यासाठी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापण्याचा निर्णय झाला, आणि त्याच वर्षी राज्याने शेतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेचे धोरणही मंजूर केले. या दोन निर्णयांत कागदोपत्री काहीच संबंध नाही. तथापि सतरा हजार चौरस किलोमीटरांच्या, क्षेत्रफळाने महाराष्ट्रात सर्वांत मोठ्या असलेल्या आणि साखरेच्या जोरावर उभ्या राहिलेल्या या जिल्ह्याच्या रहिवाशाने ते दोन्ही एकापाठोपाठ वाचले म्हणजे त्याला एक प्रश्न सुचल्यावाचून राहत नाही. शेजारच्या बारामतीत उपग्रहाची छायाचित्रे, हवामानयंत्र आणि मातीत पुरलेले संवेदक यांचा मेळ घालून उसाला पाणी केव्हा व किती द्यावे हे सांगणारी बुद्धी शेतात येऊन पोहोचली. तो ऊस तोडणाऱ्याच्या मुलाला ऐकू येते की नाही, आणि त्या उसाला रात्री दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला झोप मिळते की नाही, याचा हिशेब ठेवण्याची तजवीज कोणी करावयाची? हे पत्र त्या प्रश्नासंबंधी आहे. आणि ते आपणांस लिहिण्याचे कारण असे की आरोग्य, वीज, साखर व समाजकल्याण ही एरवी परस्परांचे तोंड न पाहणारी खाती ज्या एका मेजाभोवती बसतात, ते मेज आपल्या दालनात आहे.

प्रथम कानाविषयी. नवजात बालकाचे ऐकणे तपासण्यासाठी त्याने मान वळवावी किंवा दचकावे, याची वाट पाहण्याचे कारण उरलेले नाही. अंतर्कर्णातील बाह्य केशपेशी निरोगी असल्या म्हणजे बाहेरून आलेल्या टिचकीएवढ्या ध्वनीला त्या स्वतःचा अत्यंत क्षीण प्रतिध्वनी देतात, आणि तो कानाच्या नळीत ठेवलेल्या सूक्ष्म ध्वनिग्राहकाने टिपता येतो, हे डेव्हिड केम्प यांनी १९७८ साली लंडनमध्ये सिद्ध केले. प्रसूतिकक्षातील ती तपासणी पाहण्याजोगी असते. पिऊन नुकतेच झोपी गेलेले मूल, त्याच्या कानात करंगळीच्या टोकाएवढी रबरी गुंडी, खाटेच्या पायथ्याशी संशयाने पाहत बसलेली आजी, शेजारच्या खाटेवरील नातेवाइकाला मोबाइल बंद करण्याविषयी खुणावणारी परिचारिका. आणि मिनिटा-दोन मिनिटांत हातातील यंत्रावर 'पास' किंवा 'रेफर' ही अक्षरे उमटतात. 'रेफर' म्हणजे मूल बहिरे असा अर्थ मुळीच नव्हे. पुष्कळदा कानात जन्माच्या वेळचा चिकट द्रव साचलेला असतो, तो दोन-चार दिवसांत निघून जातो, आणि फेरतपासणीत ते मूल निर्दोष ठरते. मात्र ती फेरतपासणी व्हावी लागते. पहिल्या महिन्याच्या आत चाळणी, तिसऱ्याच्या आत निदान आणि सहाव्याच्या आत उपचारास आरंभ, हा जगभर मान्य झालेला दंडक आहे, कारण भाषा ग्रहण करण्याची मेंदूची तयारी पहिल्या काही वर्षांत जितकी असते तितकी पुढे कधीच राहत नाही. (ज्या मुलाला यंत्रानेही ऐकू येणार नाही त्याच्यासाठी खुणांच्या भाषेचा आरंभही याच वयात व्हावा लागतो, ही गोष्ट उपचारांच्या उत्साहात बाजूला पडते.)

या स्वस्त व सुलभ चाचणीत एक उणीव आहे आणि नव्या उपचारांच्या संदर्भात ती ध्यानात घेण्यासारखी आहे. जानेवारी २०२४ मध्ये शांघाय येथील फुदान विद्यापीठाच्या डॉक्टरांनी 'लॅन्सेट' या नियतकालिकात असा वृत्तांत प्रसिद्ध केला की ओटोफर्लिन नावाच्या प्रथिनाचे जनुक सदोष असल्यामुळे जन्मतः बहिऱ्या असलेल्या सहा मुलांच्या अंतर्कर्णात निर्दोष जनुकाची प्रत निरुपद्रवी विषाणूच्या वाटे पोहोचविली असता त्यांपैकी पाच मुलांना ऐकू येऊ लागले. बहिरेपणाच्या अनेक कारणांपैकी हे एक विरळ कारण होय. परंतु ज्या बहिरेपणावर जनुकोपचार माणसात फलदायी ठरल्याचे प्रथम दिसून आले तो हाच. आता यातील विपरीत भाग असा की अशा मुलाच्या बाह्य केशपेशी आरंभी शाबूत असतात. बिघाड त्यापुढे, अंतःस्थ केशपेशीकडून मज्जातंतूकडे संदेश जाण्याच्या ठिकाणी असतो. सबब प्रतिध्वनीच्या चाचणीत ते मूल बिनदिक्कत 'पास' होते आणि घरची मंडळी निश्चिंत राहतात. त्याला हुडकून काढावयाचे तर मेंदूच्या मुळाशी उठणाऱ्या लहरी मोजणारी 'बेरा' चाचणीच करावी लागते, आणि मामेबहीण-आतेभावाच्या सोयरिकीस मान्यता असलेल्या आपल्या समाजात, जेथे आईबापांकडून एकच सदोष जनुक मुलाकडे दुहेरी येण्याचा संभव वाढतो, तेथे घराण्यात कोणी बहिरे असल्यास ती टाळण्यात अर्थ नाही.

येथे कृत्रिम बुद्धीचा उपयोग निःसंशय आहे. बेराच्या आलेखातील पाचवे शिखर ओळखणे हे काल-परवापर्यंत श्रवणतज्ज्ञाच्या सरावलेल्या दृष्टीचे काम होते; ते आता संगणक करू शकतो, आणि २०१७ साली केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाच्या पाठबळाने तयार झालेले 'सोहम' हे यंत्र तर बालकाच्या डोक्याला तीन विद्युदग्रे लावून तज्ज्ञाच्या गैरहजेरीतही निर्णय देईल अशा रीतीने घडविलेले आहे. कान वाहण्याच्या जुनाट व्याधीतही तेच. मोबाइलला जोडलेल्या दुर्बिणीने कानाच्या पडद्याचे छायाचित्र घेऊन त्यात भोक आहे, पू आहे की नुसता मळ आहे हे सांगणाऱ्या प्रणाली तयार होत आहेत, आणि ज्या घरांत कान दुखला की लसूण घालून कोमट केलेले तेल कानात सोडण्याचा शिरस्ता अद्याप मोडलेला नाही तेथे असे छायाचित्र आईला दाखविण्याचाच परिणाम मोठा होईल असे मला वाटते.

परंतु महोदय, आपल्या जिल्ह्यातील अडचण वाचनाची नाही. ती हजेरीची आहे. पाथर्डी, शेवगाव वा जामखेड तालुक्यातील एखाद्या वाडीवर भाद्रपदात राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते. २०१३ साली महाराष्ट्रातूनच देशभर सुरू झालेला हा कार्यक्रम, आणि त्याचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यावयाचे असा नियम आहे. एका मुलाच्या कानाविषयी त्यांना शंका येते, तसा शेरा कागदावर पडतो, पुढील महिन्याची तारीख मिळते. पुढील महिन्यात गळीत हंगाम सुरू होतो. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते. आईबाप मिळून एक कोयता, आणि त्यांच्याबरोबर ते मूल कोणत्याशा कारखान्याच्या तळावरील कोपीत जाऊन राहते, पहाटे आईच्या मागे फडात जाते व उसाच्या पाचटावर झोपते. इकडे तारखेला गैरहजर म्हणून त्याच्या नावापुढे फुली पडते. चैत्र-वैशाखात कुटुंब परत येते तेव्हा तो कागद पुढच्या फेरीच्या कागदांखाली गेलेला असतो, आणि अशा दोन हंगामांत मूल तीन वर्षांचे होऊन बसते. पाचव्या शिखराचा अचूक वेध घेणारे जगातील उत्तमात उत्तम यंत्र या मुलाच्या उपयोगी पडत नाही, कारण ते यंत्र एका गावी व मूल दुसऱ्या गावी अशी स्थिती आहे.

म्हणून माझी पहिली दरखास्त अशी की या जिल्ह्यात कृत्रिम बुद्धी आणावयाची असेल तर ती प्रथम कानात न आणता दफ्तरात आणावी. ऊसतोड कामगारांची नोंद करून त्यांना ओळखपत्रे देण्याचे काम गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळाच्या निमित्ताने हाती घेण्यात आलेले आहे, आणि त्या महामंडळासाठी कारखान्यांकडून गाळपाच्या टनामागे दहा रुपये घेण्याचे ठरलेले आहे. कोणती टोळी कोणत्या तळावर उतरली हे कारखान्याच्या शेती खात्याला रोजच्या रोज ठाऊक असते. ते त्यांच्या व्यवहाराचे मर्मच आहे. मुलाच्या 'रेफर' झालेल्या कागदाची आणि टोळीच्या यादीची गाठ घालून, हे मूल आज अमुक कारखान्याच्या तळावर आहे व त्याची मुदत अमुक तारखेला संपते, असे तेथील प्राथमिक आरोग्य केंद्राला कळविणे, हे काम संगणकाला सहज जमण्यासारखे आहे. नावांची स्पेलिंगे तीन प्रकारची, जन्मतारखा अंदाजाच्या, फोन मुकादमाचा. असल्या विस्कळीत नोंदींतून एकच इसम ओळखून काढण्यात ही बुद्धी खरोखर निष्णात आहे, आणि प्रदर्शनात मांडण्यासारखे त्यात काही नसल्यामुळे ते तिच्याकडून कोणी मागत नाही. या जिल्ह्याबाहेर, कर्नाटकात वा पश्चिम महाराष्ट्रात गेलेल्या टोळ्यांपर्यंत ही दृष्टी पोहोचण्यास वेळ लागेल. पण आपल्या हद्दीतील तळांवर जी मुले येतात, मग ती बीडची का असेनात, त्यांच्यापासून आरंभ करण्यास कोणाच्या परवानगीची वाट पाहण्याचे कारण दिसत नाही.

शोध लागल्यानंतर पुढे काय, हाही प्रश्न यंत्राच्या कक्षेबाहेरचा आहे. केंद्राच्या अपंग साहाय्य योजनेतून कर्णावर्ताचे (कॉक्लियर) रोपण करण्यासाठी २०१४ साली एका मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंतची तरतूद झाली, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शस्त्रक्रिया हा त्या कामाचा आरंभ होय. त्यानंतर वर्षानुवर्षे त्या मुलाला आवाज ओळखावयास, 'बाबा' आणि 'मामा' यांतील भेद ऐकावयास, पुढे बोलावयास शिकवावे लागते, तेही त्याच्या आईच्या बोलीत. वाक्-श्रवणतज्ज्ञाचे पद जेथे रिक्त असेल तेथे ते भरणे, आणि भरलेले पद अकोले तालुक्याच्या आदिवासी पट्ट्यातील मुलाला शंभरांहून अधिक किलोमीटर न येता उपयोगी पडेल अशी फिरती ठेवणे, याला पर्याय नाही. नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या पदनिर्मितीत या पदांचा मसुदा पहिल्या पानावर असावा. लोणी येथे १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय चालत आले आहे, आणि ज्या गावी १९५० साली सहकारी साखर कारखानदारीचा पाया घातला गेला त्याच गावी ते उभे राहिले, यात ऊस आणि औषध यांची सांगड या जिल्ह्याला अपरिचित नाही एवढे तरी दिसते.

कारखान्याचा विषय निघाला म्हणून एक गोष्ट ओघात सांगतो. गिरणीघरात व टर्बाईनजवळ आयुष्य काढलेला निवृत्त कामगार घरात मोठ्याने बोलतो, दूरदर्शनचा आवाज वाढवतो, आणि सुना-नातवंडे त्याच्या स्वभावाला दोष देतात. गोंगाटामुळे येणारा बहिरेपणा कामगार कायद्याच्या अनुसूचीत व्यवसायजन्य रोग म्हणून दाखल आहे. म्हणजे तो आढळल्यास कळविणे हे कर्तव्य आहे, मर्जी नव्हे. प्रत्येक हंगामाच्या आधी व नंतर कामगाराची श्रवणमापनाची पट्टी काढून दोन्ही शेजारी ठेवल्या तर त्याला बुद्धिमत्ता, कृत्रिम वा नैसर्गिक, फारशी लागत नाही.

आता झोपेकडे वळतो, आणि येथे मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते. झोपेत घसा मिटून श्वास दहा सेकंदांहून अधिक काळ थांबणे, प्राणवायू उतरणे, माणसाने गुदमरून अर्धवट जागे होणे व पुन्हा घोरू लागणे, हे तासाला पाचापेक्षा अधिक वेळा घडले तर तो रोग, आणि तिसांवर गेले तर तीव्र रोग समजतात. रक्तदाब, हृदयविकार आणि गाडी चालविताना लागणारी डुलकी ही त्याची पिलावळ. निदानाची रूढ पद्धत म्हणजे एक रात्र प्रयोगशाळेत झोपून मेंदू, डोळे, हनुवटी, छाती, पोट, नाक व बोट यांना तारा जोडून घेणे. आणि त्या रात्रीचा आलेख तीस-तीस सेकंदांच्या पानांत विभागून वाचावयाचा, म्हणजे आठ तासांची ९६० पाने होतात. हे वाचन संगणकाने काही मिनिटांत करणे हा खराखुरा लाभ आहे. शिवाय आता घरीच पट्टा बांधून, नाकाशी नळी व बोटाला चिमटा लावून चाचणी होते, आणि २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मनगटी घड्याळांनाही अशा श्वासरोधाचा इशारा देण्यास अनुमती दिली.

तथापि ही बुद्धी कोणाच्या झोपेवर शिकली हे विचारणे अगत्याचे आहे. संशोधकांना खुला असलेला एक फार मोठा व पुष्कळ वापरला गेलेला संग्रह म्हणजे अमेरिकेत १९९५ पासून जमविलेला, सहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या रात्रींचा. त्यात राहुरी-नेवाशाच्या माणसाची रात्र नाही. चाळणीसाठी जी प्रश्नावली सर्रास वापरतात ती टोरांटोत २००८ साली तयार झाली आणि तीत एक प्रश्न असा की देहभारांक ३५ च्या वर आहे काय? आमच्याकडील घोरणारा गडी पुष्कळदा अंगाने सडसडीतच असतो, तेव्हा तो प्रश्न त्याच्या बाबतीत निरुपयोगी ठरतो. त्याहून सूक्ष्म गोष्ट बोटाच्या चिमट्याची. त्वचेतून प्रकाश पाठवून प्राणवायू मोजणारी ही उपकरणे काळ्या वर्णाच्या रुग्णांत प्राणवायू प्रत्यक्षाहून अधिक दाखवितात व धोक्याची घसरण अधिक वेळा हुकवितात, असे डिसेंबर २०२० मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन अभ्यासाने दाखविले. उन्हात रापलेल्या आमच्या माणसाचा आजार यंत्राच्या हिशेबी सौम्य ठरण्याचा संभव त्यामुळे उघड आहे. नवे यंत्र खरेदी करण्याच्या निविदेत, ही प्रणाली भारतीय रुग्णांवर पडताळलेली आहे काय व त्या पडताळणीचा दस्तऐवज कोठे आहे, एवढे एक कलम घातले तरी पुष्कळ विक्रेत्यांची कैफियत आपोआप बाहेर येईल.

उपचारही पुष्कळ आले आहेत. ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ साली जगापुढे मांडलेला, मुखवट्यातून सतत दाबाने हवा देणारा यंत्रोपचार आजही पायाभूत आहे. जिभेच्या मज्जातंतूला विद्युत्स्पर्शाने जागे ठेवणारे रोपण २०१४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. आणि तेथेच डिसेंबर २०२४ मध्ये टिर्झेपाटाइड हे वजन उतरविणारे औषध स्थूल रुग्णांच्या श्वासरोधासाठी मंजूर झाले. वस्तीवर राहणाऱ्या माणसाने यांतील पहिले यंत्र घेतले, तर रात्री वीज गेल्याबरोबर ते बंद पडते.

आणि वीज हाच या प्रकरणाचा गाभा आहे. शेतीपंपांना थ्री फेज पुरवठा पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री, मिळत आला. रात्रपाळीची लाईट आली की माणूस मध्यरात्री उठतो, पायांत गमबूट चढवितो, हाती बॅटरी व काठी घेतो, आणि अकोले-संगमनेरच्या पट्ट्यात उसातील बिबट्याच्या धास्तीने एकटा न जाता भावाला किंवा कारभारणीला उठवून नेतो. मग मोटार चालू करून उजाडेपर्यंत दारे मोडीत व धरीत राहतो. थंडीत अंगावरचे घोंगडे गुडघ्यापर्यंत भिजते. सकाळी दूध घालावयाचे असते, दुपारी बाजार असतो. पुढल्या पाळीला वीज दिवसा येते, आणि शरीर जेमतेम दिवसाकडे वळते न वळते तोच पुन्हा रात्र सुरू. कारखान्यातील तीन पाळ्यांच्या कामगाराला निदान पाळीभत्ता आणि पुढील आठवड्याचे वेळापत्रक मिळते. याला काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली, व फेरविचार करून २०१९ सालीही, रात्रपाळीचे काम बहुधा कर्करोगकारक म्हणून नोंदविले, परंतु दारे धरणाऱ्या शेतकऱ्याला रात्रपाळीचा कामगार कोणी समजत नाही, कारण त्याला कामावर बोलाविणारा कोणी मालक नाही. त्याला बोलावते ती वाहिनी. अशा माणसाच्या मनगटावर उद्या कोणी ते झोप मोजणारे घड्याळ बांधले, तर ते त्याला इमानेइतबारे सांगेल की आपली निद्रा अपुरी असून आपण रोज ठरावीक वेळी अंथरुणावर पडत जावे. त्याने ते घड्याळ महावितरणच्या कचेरीत नेऊन ठेवले तर मी त्याला दोष देणार नाही.

या जागरणाच्या विकारावरील उपचाराचा आरंभही याच जिल्ह्यातून झालेला आहे, आणि तो कोणत्याही वैद्याने केलेला नाही. दिवसा सौरऊर्जेने शेतीपंप चालवावेत म्हणून २०१७ साली जाहीर झालेल्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेचा प्रारंभिक प्रयोग ज्या गावांत झाला त्यांत पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे एक. त्या योजनेचे मूल्यमापन आजवर मेगावॅटांत व अनुदानाच्या बचतीत होत आले. माझी दुसरी दरखास्त अशी की ते झोपेतही व्हावे. ज्या वाहिन्या दिवसा वीज देऊ लागल्या त्यांवरील गावांत आणि ज्या अद्याप पाळीवर आहेत त्यांवरील गावांत रक्तदाब, दिवसा येणारी गुंगी, अपघात आणि झोपेच्या गोळ्यांचा खप (२०१४ पासून या गोळ्यांपैकी पुष्कळ एच-वन अनुसूचीत असल्याने औषधविक्रेत्याला वेगळी वही ठेवावीच लागते) यांची तुलना नव्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या सामुदायिक वैद्यक विभागाने करावी, आणि पुढील सौर वाहिन्यांचा क्रम लावताना ती महावितरणपुढे ठेवावी. येथे कृत्रिम बुद्धीने हवे तितके हात-पाय पसरावेत. वाहिनीनिहाय विजेच्या वेळा संगणकात आधीच आहेत, आणि आरोग्य केंद्रातील रक्तदाबाच्या नोंदीही हळूहळू तेथे जात आहेत.

एक भीती मात्र नमूद करतो. घोरण्याचा आवाज, मुलाचे बोबडे बोल, रात्री कोण किती वाजता जागा होता ही माहिती घराच्या आतली आहे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण अधिनियमाने मुलांच्या माहितीस पालकाची संमती आवश्यक केली, परंतु मुकादमाच्या फोनवर आलेल्या संदेशाला दिलेला होकार ही आईची संमती नव्हे. ती तळावर जाऊन, तिच्या भाषेत, आशा कार्यकर्तीने घ्यावी लागेल. तसेच यंत्राने 'पास' म्हटले एवढ्यावरून एखाद्या मुलाला अपंगत्वाचा दाखला नाकारला गेला, तर त्या नकारावर सही कोणाची, हे हुकमात आधी लिहून ठेवावे. सही करणाऱ्याला निदान कागद वाचावा तरी लागतो.

पैशाचा प्रश्न येईल. जिल्हा वार्षिक योजनेत नावीन्यपूर्ण बाबींसाठी जो भाग राखून ठेवता येतो त्यातून नोंदींची जुळणी, तळांवरील फिरत्या बेरा तपासणीची एक गाडी आणि दोन वाक्-श्रवणतज्ज्ञांचे मानधन एवढा आरंभ व्हावा, असे माझे मागणे आहे. साखर कारखान्यांची हंगामपूर्व बैठक आपल्याकडे होतेच. तीत उसाचे क्षेत्र, गाळपाचा अंदाज व वाहतुकीची शिस्त यांच्या जोडीला तळांवर येणाऱ्या पाच वर्षांखालील मुलांची यादी मागवावी. टोळ्या कोप्या घालून स्थिरावल्या की पहिल्या पंधरवड्यातच तपासणी व्हावी, नंतर फड लांब जातात व आया दिवसभर भेटत नाहीत.



आपला,
राहाता तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक

प्रत माहितीसाठी व उचित कार्यवाहीसाठी :
जिल्हा शल्यचिकित्सक, जिल्हा आरोग्य अधिकारी, जिल्हा परिषद, प्रादेशिक सहसंचालक (साखर), अधीक्षक अभियंता, महावितरण, अहिल्यानगर.